पायथनमधून जीटीकेचा स्वतःचा कंटेनर विजेट: लिहावा का, आणि लिहायचाच तर कशात? सल्ला हवा

ओळंबा:

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा सविस्तर हवाय, कारण तीन आठवडे झाले मी एकाच जागी अडकून बसलोय.

जुन्या फोटोंना टॅग लावायचं एक छोटं ॲप करतोय, पायथन आणि जीटीके ३ (विंडो, बटणं वगैरे बनवायचं टूलकिट), अर्थात त्याला पायथनशी जोडणारं पायजीऑब्जेक्ट वापरून. फोटोखाली त्याचे टॅग दिसायला हवेत. प्रत्येक टॅग म्हणजे एक छोटं बटण, शब्द जेवढा तेवढंच रुंद, आणि रांग भरली की पुढचा टॅग आपोआप खालच्या रांगेत, परिच्छेदातला शब्द कसा खालच्या ओळीत जातो अगदी तसं. एवढंच हवंय. आधी फ्लोबॉक्स लावून बघितला, तो ३.१२ पासून तयार मिळतो, पण तो सगळ्यांना कॉलमात बसवतो. म्हणजे वरच्या रांगेत 'नदी' आणि बरोबर त्याच्याखाली 'आजीचा वाढदिवस' आला की 'नदी'लाही तेवढीच रुंद जागा मिळते आणि मधे नुसत्या फटी दिसतात. टॅगसाठी ते फार वाईट दिसतं.

म्हणून मग जीटीके.कंटेनर, म्हणजे बटणासारखे इतर विजेट पोटात धरणारा मूळ क्लास, त्यावरून स्वतःचा क्लास काढला. डू_ॲड, डू_रिमूव्ह, डू_फॉरऑल, डू_गेट_प्रिफर्ड_विड्थ, डू_गेट_प्रिफर्ड_हाइट आणि डू_साइज_अलोकेट एवढं लिहिलंय. टॅग दिसतात, रांगाही पडतात, पण विंडो एकदा रुंद झाली की अरुंद करताच येत नाही, ओढलं तरी तिथेच अडते. दुसरं म्हणजे पहिली रांग फोटोखाली न येता विंडोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, टूलबारच्या अंगावर येते. आणि ॲप बंद केलं की टर्मिनलवर एररची रांग लागते, क्लासमध्ये 'चिल्ड्रन' नावाचं ॲट्रिब्यूटच नाही म्हणतो, आणि मी तर ते __इनिट__ मध्ये पहिल्याच ओळीत ठेवलंय हो!

तर प्रश्न असा की हे जीटीके ३ मध्येच दुरुस्त करत बसू, की ४ वर जाऊ, की सरळ क्यूटी हे दुसरं टूलकिट धरू? ॲप साधारण दोन हजार ओळींचं आहे, एकटाच लिहितोय, घाई नाही. पण जे करायचं ते समजून करायचंय, कुठून तरी उचलून चिकटवायचं नाहीये.

उंबरठा:

मी क्यूटीवाला, त्यामुळे तिकडचं सांगतो. तुम्हाला हवी तशी मांडणी क्यूटीच्या उदाहरणांत फ्लो लेआउट नावाने आधीपासून आहे, पायथनमध्येसुद्धा. क्यूलेआउट वरून क्लास काढायचा आणि ॲडआयटम, काउंट, आयटमॲट, टेकॲट, साइझहिंट, मिनिममसाइझ, सेटजॉमेट्री एवढं भरायचं. आणि मुख्य म्हणजे हॅजहाइटफॉरविड्थ मधून ट्रू परत द्यायचं, ते विसरलात तर हाइटफॉरविड्थ कधी विचारलंच जात नाही आणि टॅग एकमेकांवर चढतात. पायथनमधली एक खोच लक्षात ठेवा, आयटमॲट ला यादीच्या बाहेरचा नंबर आला तर एरर फेकायची नाही, नन, म्हणजे 'काही नाही', परत द्यायचं, कारण क्यूटी नन येईपर्यंतच मोजत जातं. आणि आलेले आयटम पायथनच्या लिस्टमध्ये धरून ठेवायचे, नाहीतर पायथन ते मधेच मेमरीतून काढून टाकतं.

पण खरं सांगू, दोन हजार ओळी फक्त एवढ्या एका विजेटसाठी दुसऱ्या टूलकिटमध्ये नेऊ नका. मी असं एकदा केलंय. टॅगची मांडणी एका संध्याकाळी झाली आणि बाकीचे डायलॉग, मेनू, शॉर्टकट हलवण्यात दोन महिने गेले.

कोनाडा:

ओळंबा, तुमचे तिन्ही प्रॉब्लेम ओळखीचे आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून आधी कारणं सांगतो, मग ३ का ४ ते बघू.

विंडो अरुंद होत नाही याचं कारण जवळजवळ नक्की हे असणार की डू_गेट_प्रिफर्ड_विड्थ मधून तुम्ही दोन्ही आकडे सारखेच देताय. ते दोन आकडे म्हणजे दोन वेगळी उत्तरं आहेत. मिनिमम म्हणजे 'याच्यापेक्षा कमी दिलंत तर माझं काम चालणार नाही' आणि नॅचरल म्हणजे 'मोकळी जागा असेल तर मला एवढी बरी पडेल'. तुमच्या विजेटला सगळे टॅग एका रांगेत बसले तर बरं वाटेल, पण चालायचं म्हटलं तर सगळ्यात रुंद टॅग मावला तरी चालतं.

आकड्यांत बघा. चार टॅग धरा, रुंदी ९०, १२०, ७० आणि १४०, प्रत्येकाची उंची ३०, मधली फट ६. सगळ्यांची बेरीज ४२०, तीन फटींचे १८, म्हणजे नॅचरल रुंदी ४३८. मिनिमम रुंदी फक्त १४०. तुम्ही मिनिममलाही ४३८ दिलंत की जीटीके विंडोला त्याच्या खाली जाऊच देणार नाही, तो तुमचा शब्द पाळतोय.

आता उंची. ३०० रुंदी मिळाली तर ९०, ६, १२०, ६, ७० मिळून २९२, तिघे बसले आणि चौथा खाली, दोन रांगा, उंची ६६. २८० मिळाली तर वर दोघे खाली दोघे, उंची तीच ६६. २०० मिळाली तर पहिला एकटा, मग १२० आणि ७० मिळून फटीसकट १९६, आणि १४० तिसऱ्या रांगेत, उंची १०२. आणि अगदी १४० वर आणलं तर चार रांगा, १३८. म्हणजे रुंदी कळल्याशिवाय उंची सांगताच येत नाही, पण तुम्ही डू_गेट_प्रिफर्ड_हाइट लिहिलंय, ज्याला रुंदी कुणी सांगतच नाही. डू_गेट_प्रिफर्ड_हाइट_फॉर_विड्थ लिहायला हवं, आणि डू_गेट_रिक्वेस्ट_मोड मधून हाइट_फॉर_विड्थ परत द्यायला हवं, नाहीतर कंटेनर आपल्या चाइल्डांकडे, म्हणजे पोटातल्या विजेटांकडे, बघून मोड ठरवतो. साध्या बटणांची उंची रुंदीवर अवलंबून नसते, मग तो तुम्हालाही तसलंच समजतो.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. रांगा पाडण्याचं गणित एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि त्या फंक्शनला जीटीकेचं नावही माहीत नसू दे. त्याला द्यायच्या तीन गोष्टी, टॅगांच्या मापांची यादी, मिळालेली रुंदी आणि फट. त्याने परत द्यायचं प्रत्येक टॅगचा एक्स, वाय, रुंदी, उंची, आणि एकूण उंची. उंची विचारली की हेच फंक्शन बोलवून एकूण उंची घ्यायची, जागा वाटायची वेळ आली की हेच फंक्शन बोलवून जागा घ्यायच्या. मी लोकांचे जे जे कंटेनर दुरुस्त केलेत त्यात बहुतेक वेळा मोजताना एक हिशोब आणि मांडताना दुसरा हिशोब असायचा, एके ठिकाणी फट धरलेली, दुसरीकडे विसरलेली, आणि मग शेवटची रांग कापली जायची. एकच फंक्शन असलं की ही चूक व्हायला जागाच राहत नाही. शिवाय वर मी जे आकडे दिले तेच टेस्टमध्ये घाला, विंडो न उघडता तपासून होतं, आणि उद्या ३ वरून ४ वर गेलात किंवा उंबरठा म्हणतात तसे क्यूटीत गेलात तरी हे फंक्शन जसंच्या तसं सोबत येतं.

टूलबारवर चढणारी रांग आणि बंद करतानाचा एरर यावर पाटीपेन्सिल जास्त नीट सांगू शकतील, त्यांनी ३ मध्ये बरंच काम केलंय.

पाटीपेन्सिल:

हो, सांगते.

टूलबारवर रांग येते कारण जीटीके ३ मध्ये स्वतःची जीडीके विंडो (जीटीकेच्या खालच्या थरातली विंडो) नसलेल्या विजेटला जे अलोकेशन, म्हणजे वाटून दिलेली जागा, मिळतं ते वरच्या विंडोच्या कोपऱ्यापासून मोजलेलं असतं, तुमच्या विजेटच्या कोपऱ्यापासून नाही. तुम्ही पहिल्या टॅगला शून्य, शून्य दिलंत म्हणजे तो सरळ विंडोच्या शून्यावर गेला. डू_साइज_अलोकेट मध्ये आलेल्या अलोकेशनचा एक्स आणि वाय प्रत्येक टॅगच्या जागेत मिळवायचा. त्याच फंक्शनमध्ये सेल्फ.सेट_अलोकेशन बोलवायचं विसरू नका, आणि __इनिट__ मध्ये सेट_हॅज_विंडो ला फॉल्स द्या, नाहीतर डू_रिअलाइज मध्ये स्वतःची जीडीके विंडो तुम्हालाच बनवावी लागते, जी इथे काहीच कामाची नाही. काढण्यासाठी डू_ड्रॉ लिहायची गरज नाही, कंटेनरचा मूळचा ड्रॉ डू_फॉरऑल मधून चाइल्ड शोधतो आणि स्वतः काढतो.

आता तो एरर. डू_फॉरऑल हे जीटीके ३ च्या कंटेनरचं सगळ्यात महत्त्वाचं फंक्शन आहे आणि पायथनमधून सगळ्यात जास्त त्रास तेच देतं. दाखवणं, पडद्यावर रेखाटणं, नष्ट करणं, शो_ऑल, सगळं त्यातूनच जातं. ते तुम्हाला अपेक्षित नसलेल्या वेळी बोलवलं जातं, __इनिट__ पूर्ण व्हायच्या आधीही आणि विजेट मोडला जात असतानाही, जेव्हा पायथनच्या बाजूची तुमची ॲट्रिब्यूट जागेवर नसू शकतात. म्हणून तुम्ही पहिल्या ओळीत ठेवलंय ते बरोबर असूनही पुरत नाही. मी क्लासच्याच पातळीवर चिल्ड्रन ला एक रिकामा टपल देऊन ठेवते आणि __इनिट__ मध्ये त्यावर लिस्ट बसवते. मग इन्स्टन्सवर काही नसलं तरी रिकामा टपल सापडतो आणि लूप शांतपणे संपतो.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. फॉरऑल मध्ये लिस्टवर थेट फिरू नका, तिच्या कॉपीवर फिरा. कंटेनर नष्ट होताना जीटीके प्रत्येक चाइल्डला नष्ट करा असा कॉलबॅक देतं, नष्ट होणारा चाइल्ड तुमच्या डू_रिमूव्ह मधून लिस्टमधून निघतो, आणि तुम्ही त्याच लिस्टवर फिरताय. चार टॅग असले तर पहिला गेला की दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, लूप पुढे जाऊन तिसऱ्याला धरतो, तो गेला की लूप संपला. दुसरा आणि चौथा तसेच राहिले. एररही येत नाही, फक्त मेमरी हळूहळू वाढत जाते.

कॉलबॅक बोलवताना चाइल्डनंतर जे पॅरामीटर आले असतील ते सगळे जसेच्या तसे पुढे द्या, तारांकन लावून. आणि डू_ॲड मध्ये चाइल्डला सेट_पेरेंट, डू_रिमूव्ह मध्ये अनपेरेंट, नुसतं लिस्टमध्ये घालणं काढणं पुरत नाही.

ओळंबा:

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार तिघांचेही.

रांगा पाडायचं फंक्शन वेगळं काढलं, कोनाडा यांचे आकडे टेस्टमध्ये घातले, आणि खरंच माझ्या जुन्या हिशोबात शेवटच्या टॅगनंतरची फटही मोजली जात होती, २९२ च्या ऐवजी २९८ येत होते. ३०० ला ते पास होत होतं म्हणून कधी दिसलंच नाही, २९५ दिल्यावर पकडलं गेलं.

अलोकेशनचा एक्स वाय मिळवल्यावर रांग जागेवर आली. क्लासवर टपल ठेवल्यावर एरर गेले. विंडो आता अरुंद होते, पण नवीनच काहीतरी झालंय, विंडो उंचीला लहान होत नाही. टॅग वर दोनच रांगांत आहेत, खाली एवढी मोकळी जागा, तरी विंडो म्हणते मला १३८ हवेतच.

पाटीपेन्सिल:

ते बरोबरच वागतंय, फक्त तुम्हाला नको तसं. जीटीके ३ मध्ये विंडो आपली कमीत कमी उंची ठरवताना आधी मिनिमम रुंदी घेते आणि त्या रुंदीला किती उंची लागेल ते विचारते. तुमची मिनिमम रुंदी १४०, तिला उंची १३८. म्हणजे विंडो सगळ्यात अरुंद अवस्थेची तयारी आधीच करून ठेवते. शंभर टॅग झाले की हे फार खुपेल. टॅगांचा भाग स्क्रोल्डविंडो मध्ये ठेवा, आडवी पॉलिसी नेव्हर, उभी ऑटोमॅटिक. आडवी नेव्हर ठेवली नाही तर आडवा स्क्रोलबार यायची वाट मोकळी राहते आणि रांगा मोडण्याचा अर्थच जातो.

सुतळी:

मधेच विचारतो, मी टीके हे टूलकिट वापरतो, पायथनमधून टीकिंटर. तिथे असा कंटेनर पायथनमधून लिहिता येतो का? आणि दुसरं, जीटीके ४ मध्ये हे आता तयार मिळत नाही का? कुठेतरी रॅपबॉक्स असं वाचल्यासारखं वाटतंय.

उंबरठा:

टीकेत नवा जॉमेट्री मॅनेजर पायथनमधून लिहिता येत नाही, ते सी मध्ये आहे. पण फ्रेम वर कॉन्फिगर इव्हेंट पकडून, प्रत्येक चाइल्डची विनफो_रेक्विड्थ विचारून प्लेस ने हाताने बसवता येतात. कोनाडा म्हणतात तेच फंक्शन तिथेही चालेल. फक्त प्लेस मुळे फ्रेमची उंची आपोआप वाढत नाही, ती तुम्हीच सेट करायची, आणि ती सेट केली की पुन्हा कॉन्फिगर येतो, म्हणून उंची खरंच बदलली असेल तरच सेट करा, नाहीतर गोल गोल फिरत राहतं. डब्ल्यूएक्सपायथन या टूलकिटमध्ये तर रॅपसाइझर तयारच आहे.

कोनाडा:

सुतळी, बरोबर वाचलंय. लिबॲडवेटा (जीटीके ४ वर बांधलेली विजेटांची लायब्ररी) हिच्या १.७ मध्ये, म्हणजे मार्च २०२५ पासून, रॅपबॉक्स आहे आणि तो नेमकं हेच करतो, टॅग आपापल्या रुंदीचे, रांग भरली की खाली. पण तो लिबॲडवेटात आहे, नुसत्या जीटीके ४ मध्ये नाही, आणि जीटीके ३ ला त्याचा उपयोग नाही. ज्यांना ४ वर जायचंय आणि लिबॲडवेटाचं रूप चालतंय त्यांनी तोच घ्यावा, स्वतः लिहायची काही गरज नाही.

ओळंबा, आता तुमचा मूळ प्रश्न. माझा सल्ला, ४ वर जा. फॅशन म्हणून नाही. जीटीके ३ फेब्रुवारी २०११ मध्ये आलं, ४ डिसेंबर २०२० मध्ये आलं, आणि ३ मध्ये आता फक्त दुरुस्त्या होतात, नवीन काही येत नाही. पण खरं कारण तुमच्या याच विजेटचं आहे. जीटीके ४ मध्ये कंटेनर हा क्लासच काढून टाकलाय. कुठल्याही विजेटला चाइल्ड असू शकतात, आणि ते कोण कोण आहेत हे जीटीके स्वतः लक्षात ठेवतं. म्हणजे तुमची चिल्ड्रन लिस्ट नको, डू_फॉरऑल नको, कॉपीवर फिरणं नको, पाटीपेन्सिल यांनी सांगितलेल्या त्रासाचा मोठा भाग मुळातूनच गेला. चाइल्डवर सेट_पेरेंट बोलवलं की तो शेवटी जोडला जातो, मधे घालायचा असेल तर इन्सर्ट_बिफोर किंवा इन्सर्ट_आफ्टर. फिरायचं असेल तर गेट_फर्स्ट_चाइल्ड आणि मग गेट_नेक्स्ट_सिब्लिंग. पडद्यावर रेखाटायला मूळचा स्नॅपशॉट सगळ्या चाइल्डांना क्रमाने रेखाटतो, तुम्हाला हात लावायला नको.

उरतं फक्त मोजणं आणि मांडणं, आणि त्यासाठी लेआउटमॅनेजर हा वेगळा क्लास दिलाय. जीटीके.लेआउटमॅनेजर वरून स्वतःचा क्लास काढा, त्यात तीनच फंक्शनं. डू_गेट_रिक्वेस्ट_मोड मधून हाइट_फॉर_विड्थ. डू_मेजर ला विजेट, दिशा आणि फॉर_साइज मिळतं. आणि डू_अलोकेट ला विजेट, रुंदी, उंची, बेसलाइन (अक्षरं ज्या रेघेवर बसतात ती). विजेट स्वतः जीटीके.विजेट वरून काढलेला, त्यात सेट_लेआउट_मॅनेजर आणि टॅग घालायचं काढायचं एवढंच. त्याच विजेटवर पुन्हा डू_मेजर लिहू नका, लेआउटमॅनेजर लावला की विजेटचा स्वतःचा डू_मेजर विचारला जात नाही आणि माणूस प्रिंट टाकून टाकून थकतो. बॉक्स वरून क्लास काढून त्यावर हा मॅनेजर बसवायचा मोहही टाळा, बॉक्सच्या स्पेसिंगसारख्या प्रॉपर्टी त्याच्या मूळच्या बॉक्सलेआउटला धरून लिहिलेल्या असतात, त्यांना हात लावला की तक्रारी सुरू.

डू_मेजर मधून चार आकडे परत द्यायचे असतात, मिनिमम, नॅचरल आणि दोन बेसलाइन, बेसलाइन नसेल तर दोन्हीकडे उणे एक. चारही पूर्णांक. रुंदीला कुठे भागाकार केलात तर दशांश निसटू नये म्हणून दोन तिरक्या रेघांचा भागाकार वापरायची सवय ठेवा. मिनिमम नॅचरलपेक्षा मोठा कधीच जाऊ देऊ नका. उभ्या दिशेला फॉर_साइज उणे एक आलं म्हणजे रुंदी अजून ठरलेली नाही, मी अशा वेळी नॅचरल रुंदीचा हिशोब करून देतो, म्हणजे तुमच्या उदाहरणात एक रांग, ३०.

आणि एक चांगली बातमी, ४ मध्ये मांडताना मोजायला सुरुवात विजेटच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून होते. एक्स वाय मिळवायचं जे पाटीपेन्सिल यांनी सांगितलं ते इथे करायचं नाही, केलंत तर टॅग दुप्पट सरकतील. ३ चा कोड हलवताना ही ओळ पुसायची राहते, माझीही राहिली होती.

पाटीपेन्सिल:

कोनाडा यांच्याशी सहमत, पण एक भर घालते. ४ वर जाणं म्हणजे फक्त हा विजेट नाही. इव्हेंट सिग्नल गेलेत, त्याजागी कंट्रोलर आलेत, डायलॉगचा रन गेलाय, शो_ऑल गेलंय कारण विजेट आता मुळातच दिसतात, पॅक_स्टार्ट च्या जागी ॲपेंड. दोन हजार ओळींना दोन-तीन रविवार तरी धरा. मी सुचवेन की आधी ३ मध्ये ॲप पूर्ण चालू करा, ते आता जवळजवळ झालंच आहे, त्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि मग हलवा. चालू असलेली गोष्ट हलवताना काय मोडलं ते कळतं, अर्धवट हलवली तर कळत नाही.

ओळंबा:

पाटीपेन्सिल यांचं ऐकलं. ३ मधलं पूर्ण चालू केलं, प्रत ठेवली, मग ४ ला हात घातला. आज तिसरा रविवार.

टॅगांचा विजेट खरंच छोटा झाला, रांगांचं फंक्शन सोडलं तर साठ-सत्तर ओळी. पण तीन गोष्टी अडल्यात. एक, मी प्रत्येक टॅगला मापं न विचारता थेट लेबलच्या अक्षरांवरून रुंदी काढून जागा देत होतो, वाटलं वेळ वाचेल, तर टर्मिनलवर वॉर्निंग आली की माप न विचारताच जागा देताय, किती द्यायची ते कोडला कळलं कसं? शब्दशः असाच प्रश्न विचारलाय त्याने. दोन, टॅगवर उजव्या क्लिकचा पॉपओव्हर (वर उघडणारी छोटी चौकट) लावला, तो टॅगांच्या विजेटलाच जोडलाय, तर पहिल्या रांगेत एका टॅगएवढी रिकामी जागा दिसायला लागली. तीन, विंडो बंद करताना येतं की विजेट संपवतोय पण त्याला अजून चाइल्ड शिल्लक आहेत.

कोनाडा:

पहिलं तर त्याने स्वतःच सांगितलं. अक्षरं मोजून रुंदी काढू नका, देवनागरीत तर नकोच, 'स्नेहसंमेलन' मध्ये कोडपॉइंट किती आणि पडद्यावर रुंदी किती याचा काही संबंध नसतो, जोडाक्षरं, मात्रा, फॉन्ट, सगळं मधे येतं. प्रत्येक चाइल्डला मेजर विचारा. वेळेची काळजी करू नका, जीटीके अलीकडच्या काही मापांची उत्तरं स्वतःकडे साठवून ठेवतं, पुन्हा विचारलं तर चाइल्डपर्यंत जातही नाही.

दुसरं फार चांगलं पकडलंत. पॉपओव्हर हाही ४ मध्ये चाइल्डच असतो, त्यामुळे फर्स्ट_चाइल्ड पासून फिरताना तो तुमच्या हातात येतो आणि तुम्ही त्याला टॅग समजून जागा देता. फिरताना प्रत्येक चाइल्डला शुड_लेआउट विचारा, फॉल्स आलं तर सोडून द्या. लपवलेले टॅगही यातच गळतात, वेगळा गेट_व्हिजिबल नको. मोजताना आणि मांडताना दोन्हीकडे हीच गाळणी लावा, एका जागी विसरलात तर उंची एक आणि रांगा वेगळ्या. पॉपओव्हरला स्वतःच्या जागेसाठी प्रेझेंट लागतो, पण लेआउटमॅनेजर लावलेला असला की ते जीटीके आपोआप करतं. नाहीतर सोपा उपाय, पॉपओव्हर टॅगांच्या विजेटला न जोडता मेनूबटणाला देऊन टाका, ते सगळं तेच सांभाळतं.

तिसरं, चाइल्ड शिल्लक राहण्याचं. सी मध्ये हे डिस्पोज मध्ये, म्हणजे विजेट संपवताना बोलवल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये, करतात. पायथनमधून मी डिस्पोजवर विसंबत नाही, विजेटला सगळे_काढा असं एक साधं फंक्शन देतो, ते फर्स्ट_चाइल्ड असेपर्यंत अनपेरेंट करत राहतं, आणि विंडोच्या क्लोज-रिक्वेस्ट मध्ये बोलवतो. फोटो बदलला की जुने टॅग काढून नवे लावायलाही तेच फंक्शन लागतं, म्हणजे लिहावं लागणारच होतं.

आणि अजून काही विचित्र दिसलं तर ॲप चालू असताना कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा, इन्स्पेक्टर उघडतो. त्यात लेआउटच्या कडा दाखवायची सोय आहे, कुठल्या टॅगला किती जागा मिळाली ते रंगीत चौकटींत दिसतं. त्या रिकाम्या जागेत पॉपओव्हर बसलाय हे तुम्हाला तिथल्या विजेटांच्या झाडात लगेच दिसलं असतं.

सुतळी:

टीकेमध्ये प्लेस ने केलं, चाललं. उंची बदलली तरच सेट करायची ही अट नसती तर मशीन तापलं असतं. उंबरठा, आभार.

ओळंबा:

झालं. पॉपओव्हर मेनूबटणाला दिला, शुड_लेआउट दोन्हीकडे लावलं, सगळे_काढा लिहिलं. मापं चाइल्डलाच विचारल्यावर वॉर्निंग गेली आणि मराठी टॅगही पहिल्यांदाच नीट बसले, आधी 'आजीचा वाढदिवस' चा शेवटचा 'स' कापला जायचा आणि मी फॉन्टला दोष देत होतो.

आत्ता विंडो हळूहळू अरुंद करून बघतोय. ४३८ ला सगळे एका रांगेत, ४३७ ला शेवटचा टॅग टुपकन खाली, मग २९१ ला तिसरा खाली चौथ्याशेजारी, आणि २१५ ला तीन रांगा. टेस्टमधले आकडे पडद्यावर असे हलताना बघायला फार छान वाटतंय. दहा मिनिटं नुसता विंडो ओढत बसलोय.

उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या भाषांसाठी रांगा आपोआप उलट होतात का, की तेही डू_अलोकेट मध्येच करायचं?

कोनाडा:

आपोआप नाही, गेट_डिरेक्शन विचारून तुम्हीच करायचं. प्रत्येक टॅगचा एक्स बदलून 'मिळालेली रुंदी वजा एक्स वजा टॅगची रुंदी' करा. तेही त्याच फंक्शनमधून जागा आल्यानंतर, फंक्शनच्या आत नको.